उजव्या चाकाचा हिवाळा

हिवाळ्याचं कौतुक करणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. दव, शेकोटी, लाखोरीची निळी फुलं, असं काहीबाही ते लिहितात. आमच्या वडशात येऊन राहा म्हणावं. इथे हिवाळा म्हणजे आधी धानाच्या गिरण्यांचा कोंडा. तो केसांत बसतो, चहात पडतो, वाळत घातलेल्या ओढणीवर बसतो आणि झटकला की नाकात जातो. मग मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते आणि नाटकांचा सीझन उघडतो. भिंत म्हणून दिसत नाही; जिथे पाहावं तिथे रडणारी बाई, पिस्तूल धरलेला माणूस आणि खाली लालभडक अक्षरांत नाटकाचं नाव. भोंग्याच्या गाड्या गल्लीगल्लीतून ओरडत फिरतात. यंदाही सुरू झालं. काल सकाळी तसलीच एक गाडी दारावरून गेली आणि भोंग्याच्या आधी मला ऐकू आली तिच्या पुढच्या चाकाची कुरकुर. मी हातातली बादली खाली ठेवून ओरडले, "अरे, ग्रीस मार त्याले! मरशीन एखाद्या दिवशी!" ड्रायव्हर हसला. बाई चक्रम आहे असं त्याला वाटलं असणार.

असेन चक्रम. मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवते. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज गडचिरोलीपासून बल्लारशापर्यंत पाने फिरवताहेत, आणि भेटली की पहिली आठवण काढतात ती माझ्या शिव्यांची. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची सहसा रिकामी असते. भाजीवाली मला भाव सांगताना आधी दीर्घ श्वास घेते. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. माझा स्वभावच असा आहे, आणि त्या स्वभावानं एका माणसाची तेरा वर्षं खाल्ली, ते सांगायचं आहे. ते उघडं पडलं तो हिवाळा दोन वर्षांपूर्वीचा.

आमच्याकडे बाबांची ॲम्बेसिडर होती. पांढरी, म्हणजे एके काळी पांढरी. सीझनमध्ये बाबा तिच्यातून नट-नट्यांना गावोगावी न्यायचे. संध्याकाळी कुरखेड्याकडे, ब्रह्मपुरीकडे, कधी पार धानोऱ्याच्या जंगलात, आणि सकाळी तोंडावरचा रंग अर्धवट पुसलेली, पेंगणारी माणसं घेऊन परत. मागच्या सीटला बारा महिने पावडरीचा आणि खोबरेल तेलाचा वास यायचा. बाबा थकले तसा दादा चालवायला लागला. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. गाडी त्याच्या हातात आली की बाबा शेजारच्या सीटवर बसून फक्त रस्ता बघायचे.

त्या हिवाळ्याच्या तेरा वर्षं आधी, एका सकाळी गाडीत बाबा आणि दादा दोघंच होते. नटमंडळींना उतरवून घरी येत होते. सागाच्या जंगलातल्या एका वळणावर गाडी डावीकडे ओढली गेली आणि झाडावर आदळली. बाबा डाव्या बाजूला बसले होते. ते तिथेच गेले, आणि दादाला फक्त खरचटलं. दादा पहिल्यापासून एकच सांगत राहिला, की डावं चाक वळणात आपोआप मुडपलं, आडवं पडलं, स्टेअरिंग हातात नुसतं फिरत राहिलं. पण त्याच्या शर्टाला दारूचा वास येत होता. एका नटाची बाटली सांडली म्हणाला. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून बाटली प्रत्येकाच्या पिशवीत. पण हे कोण ऐकून घेणार? मी तर नाहीच. मी वीस वर्षांची होते. बाबांना न्यायच्या आधी, गोळा झालेल्या सगळ्या गल्लीसमोर, मी दादाच्या छातीवर बोट रोवलं आणि ओरडले, "दारू पिऊन बापाले मारलं यानं!"

सख्खी बहीण म्हणते म्हटल्यावर लोकांना आणखी काय लागतं? तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आईनं त्याची पेटी वसरीत आणून ठेवली. तो कोरपन्याकडे गेला, तिथे सिमेंटचे ट्रक दुरुस्त करायच्या कामाला लागला, तिथेच लग्न केलं, मुलगी झाली. आम्ही कशालाही गेलो नाही. मी चिडून आयटीआयला नाव घातलं. चाक असं आपोआप मुडपत नसतं, हे मला पुस्तकातून सिद्ध करायचं होतं. पुस्तकात मात्र मुडपतं असं लिहिलेलं निघालं, म्हणून ते पान मी पटकन उलटलं.

गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून घरी आली होती. पुढच्या डाव्या बाजूचे तुकडे जंगलातच राहिले, कोणी वेचून नेले देव जाणे. तेरा वर्षं ती परसात उभी होती, डावीकडे विटांवर आणि उजवीकडे स्वतःच्या चाकावर. चाक जमिनीत चार बोटं रुतलं होतं. कोंबड्या तिच्याखाली अंडी घालत. त्या दिवाळीनंतर मी ठरवलं, आता बस्स, भंगारात देऊन टाकायची. वडशाची बातमी कोरपन्याला कशी पोचते ते विचारू नका. पुढच्याच रविवारी सकाळी दादा दारात उभा. चांदा फोर्टहून पहाटेच्या गाडीनं आला होता. हातात अवजारांची पिशवी, केस कानावर पिकलेले. तेरा वर्षांत आम्ही बोललो नव्हतो.

"गाडी भंगारात देऊन राह्यली म्हणे," तो म्हणाला.

"देऊन राह्यली. तुले काय करायचं हाय?"

"दे नं. पन त्याच्या आंधी उजवं चाक उघड. माह्यासमोर."

"कायले?"

"डावं गेलं. आता उजवंच हाय. जे डाव्यात झालं होतं, थे उजव्यातही झालं असन. हे भंगारात गेलं का माह्या बाजूनं बोलनारं मंग कोनीच नाई राह्यत."

मी हो म्हटलं. दया आली म्हणून नव्हे. त्याला तोंडावर खोटं पाडायची इतकी छान संधी पुन्हा आली नसती.

जे गाडीखाली कधी शिरले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पुढचं चाक एका उभ्या जाड खिळीभोवती वळतं. तिला किंगपिन म्हणतात. त्या खिळीच्या खालच्या टोकाला आटे असतात, आणि त्या आट्यांवर एक लोखंडी डोकं फिरवून बसवलेलं असतं. गाडीचा पुढचा भार त्या आट्यांवर पेललेला. आटे झिजले तर खीळ त्या डोक्यातून सुटते आणि चाक आडवं होतं. दादाचं म्हणणं हेच होतं. माझं म्हणणं, उघडल्यावर आटे शाबूत निघतील आणि याचं थोबाड बंद होईल. प्रश्न एवढाच, की उघडायचं कसं. तेरा पावसाळे खाल्लेलं लोखंड ते. सगळं जाम.

पहिला रविवार चाकाच्या पाच नटांत गेला. एकाचं तर डोकंच गोल झालं, ते छिन्नीनं फोडावं लागलं. दुसरा रविवार ब्रेकच्या ड्रममध्ये गेला. ड्रम निघेना म्हणून मी हातोडा हाणत होते आणि दादा मागून म्हणाला, "मॅडम, पोरायले असंच शिकवता का?" मी हातोडा त्याच्या पायाजवळ टाकला. त्यानं तो उचलला, ड्रमच्या कडेला फिरत फिरत हलक्या हातानं ठोकलं आणि पंधरा मिनिटांत ड्रम हातात घेऊन उभा राहिला. मला इतका संताप आला की मी आत जाऊन विनाकारण भांडी घासली.

ते रविवार मला वासांनी आठवतात. गंजावर ओतलेल्या रॉकेलचा वास, शेजारच्या गिरणीतल्या उकडलेल्या धानाचा आंबूस वास, दादाच्या अंगाला येणारा सिमेंटचा कोरडा वास. तो घरून बाटलीत पाणी आणायचा. आमच्या रांजणाचं पाणी त्यानं मागितलं नाही आणि मी दिलं नाही. दुपारी गाडीच्या सावलीत बसून डबा खायचा, डबा धुवायचा, पुन्हा कामाला लागायचा. आई मागच्या दाराच्या आत सुपात तांदूळ घेऊन बसे. दार अर्धं उघडं. हातोड्याचा आवाज थांबला की सुपाचाही आवाज थांबायचा. एकदाही बाहेर आली नाही. मी एकदा विचारलं, "पाह्यत काऊन नाई? तुहाच पोरगा हाय." ती म्हणाली, "जो गेला थोही माह्याच होता."

आता एक गोष्ट सांगते, जी मी कोणाला सांगितलेली नाही. या गाडीच्या पुढच्या भागाला स्प्रिंग नसते. एक लांब लोखंडी दांडा असतो, त्यात पीळ भरलेला असतो आणि तो पीळ गाडी उचलून धरतो. तो आधी उतरवायचा असतो. न उतरवता खालचा बोल्ट काढला तर सगळं झटक्यात खाली येतं आणि मधला हात जातो. तिसऱ्या रविवारी दादाचा हात तिथेच होता. ट्रकवाल्या माणसाला ही भानगड माहीत नसते. तो बोल्टवर पाना लावून जोर करत होता, बोल्ट पहिल्यांदाच हलला, आणि मी उभी राहून बघत होते. मला माहीत होतं. मी बोलले नाही. किती वेळ, ते सांगता येणार नाही. एक श्वास असेल, दोन असतील. मग ओरडले, "हात काढ! काढ म्हणते नं!"

त्यानं हात काढला. माझ्याकडे बघितलं. "आंधी नाई सांगता येत होतं?"

"आता सांगतलं नं."

 त्या दिवशी पीळ मी उतरवला, तो लांब उभा राहिला. जाताना पिशवी उचलून म्हणाला, "इतका राग कुठून आनते तू?" मी दार लावून घेतलं.

चौथ्या रविवारी स्टेअरिंगची कांडी सुटली. तिला एकच हातोडा चालत नाही. दोन माणसं लागतात, दोन बाजूंनी दोन हातोडे एकाच क्षणी पडावे लागतात, तेव्हा आतली पकड सुटते. म्हणजे आम्हाला समोरासमोर उकिडवं बसून, एकमेकांच्या डोळ्यांत बघून, एक-दोन-तीन म्हणावं लागलं. शेजारची काकू कुंपणावरून बघत होती. तिला वाटलं, भाऊबहिणीचं जुळलं. जुळलं कसलं! तीन म्हटल्यावर मी त्याच्या बोटांवर नेम धरत नव्हते एवढंच. अकराव्या की बाराव्या ठोक्याला कांडी टुण्णकन सुटली. दोघंही एकदम "निघाली!" म्हणालो आणि लगेच तोंडं फिरवली.

आता उरलं ते लोखंडी डोकं. पाचवा रविवार. पौषातली थंडी, लोखंडाला हात लावला की चिकटावा अशी. मी आयटीआयमधून गॅसची बत्ती आणली होती. किंगपिन शिकंज्यात धरली, दादानं डोक्याला मोठा पाना लावला, मी खालून आच दिली. वेळ लागला. मग आतून काहीतरी पाझरायला लागलं. काळं, दाट, तुपासारखं वितळत थेंब थेंब खाली आलं. आणि वास आला.

तो वास झाडीपट्टीत वाढलेल्या माणसाला चुकत नाही. टोळीचं तेल, मोहाच्या बियांचं. जुनं, कुजकट झालेलं. दादानं बोट लावलं, नाकाशी नेलं.

"हे ग्रीस नाई," तो हळूच म्हणाला. "हे तं बंडीचं ओंगण होय."

ओंगण म्हणजे बैलबंडीच्या आसाला द्यायचं वंगण. टोळीच्या तेलात जाळलेल्या तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, राख कालवायची, बांबूच्या नळीत भरून बंडीला टांगून ठेवायचं. लाकडाच्या चाकाला उत्तम. बंडी कुरकुरत नाही. पण राख ती राखच. लोखंडाच्या आट्यांत घातली तर ती कानशीसारखी रोज थोडं थोडं खरवडत जाते, आणि हिवाळ्यात टोळीचं तेल थिजलं की आत नुसता राखेचा गोळा राहतो.

दादानं पाना फिरवायला म्हणून जोर लावला. फिरवायची गरजच पडली नाही. ते डोकं, जे दहा-बारा फेरे देऊन उतरवायचं असतं, ते सरळ ओढल्यासरशी हातात आलं. आत आटे नव्हते. खिळीवरही नव्हते. दोन्हीकडे गुळगुळीत. तेरा वर्षं ते गंजानं आणि थिजलेल्या ओंगणानं धरून ठेवलं होतं, दुसऱ्या कशानंही नाही. म्हणजे त्या सकाळी हे चाकही सुटण्याच्या बेतातच होतं. डावं आधी सुटलं, इतकंच.

दादा खाली बसला. रडला वगैरे नाही. ते डोकं मांडीवर घेऊन आत बोट घालून फिरवत राहिला, पुन्हा पुन्हा. "आटेच नाई," म्हणे, "पाह्य, आटेच नाई." मग मान वर केली. "हे कोन भरे?"

मी भरत होते. पंधराव्या वर्षापासून दर रविवारी गाडीला ग्रीस मारायचं काम माझं होतं. थंडीत ग्रीस घट्ट होई, ग्रीसगनचा दांडा माझ्यानं दाबला जात नसे, छातीनं रेटावा लागे, आणि दादा हसे. म्हणून एका हिवाळ्यात मी गनमध्ये बंडीच्या नळीतलं ओंगण भरलं. चुलीजवळ थोडं कोमट केलं की सुरकन जायचं. बाबा येऊन बघत, निपलच्या, म्हणजे ग्रीस आत जायच्या तोंडाच्या, कडेनं काळं बाहेर आलं की म्हणत, "झालं." जुनं ग्रीसही काळंच असतं. त्यांना कसं कळणार? पाच हिवाळे मी ते भरलं. कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या मनानं, माझ्या हातांनी. आणि आयटीआयच्या पुस्तकातलं जे पान मी पटकन उलटलं होतं, त्यावर वंगणात कण नसावेत असंही लिहिलं होतं. ते वाचून मला काही आठवलं नसेल? आठवलं होतं. म्हणून तर उलटलं.

हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यातून गेलं, आणि मी म्हटलं, "बाबा भरत."

माणूस इतकं पटकन खोटं बोलू शकतो याचं मला आजही आश्चर्य वाटतं.  दादानं ते डोकं पुसलं, माझ्यापुढे ठेवलं. "आईले दाखव. मी नाई दाखवत. मी दाखवलं तं पाह्यनार नाई." आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाला.

मी आईला सांगितलं. आईनं सूप बाजूला ठेवलं आणि मी जन्मात पाहिला नव्हता असा तिचा चेहरा झाला. "दोघं भाऊबहीन मिळून मेल्या मानसावर ढकलता? लाज नाई वाटत? ओंगनानं काई होत नाई. आपली बंडी जलमभर चालली त्याच्यावर." बोलणं संपलं. म्हणजे खोटं बोलून मी काय कमावलं? दादा सुटला नाही तो नाहीच, वर बाबा अडकले.

तरी मी आणखी कितीही दिवस गप्प बसले असते. मी चिवट आहे. वर्गात वंगणाचा धडा आला तेव्हा तो मी दुसऱ्या सरांना घ्यायला लावला. दादाचा फोन दर रविवारी येई, "आई काय म्हनते?" आणि मी म्हणे, "पाहून राह्यली, थांब." मग माघात एक दिवस फोन आला. आवाज निराळाच. "बाबाची तिथी झाली काल. तेरा वर्सं मी कोरपन्याले त्यायचं पान मांडलं. माही बायको म्हने, ज्यायच्यापायी लोकं तुमाले खुनी म्हनते त्यायचंच मांडता? तरी मांडलं. यंदा नाई मांडलं. सोताच्या हातानं ओंगन भरलं आन नाव माह्यावर आलं. भूक लागली असन तं लागू दे."

फोन ठेवला. मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

चंद्रपूरहून बस बदलून कोरपन्याला पोचेपर्यंत दुपार झाली. रस्त्याच्या बाभळींना कापसाच्या गाड्यांतला कापूस अडकलेला, आणि त्यावर सिमेंटची राखाडी भुकटी. दादाचं घर मी पहिल्यांदा पाहिलं. दोन खोल्या, दारात तुळस, खाटेवर वाळत टाकलेल्या मिरच्या. वहिनीनं मला ओळखलं नाही. दादानं सांगितल्यावर तिनं पदर खोचला आणि आत निघून गेली. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. "ओंगन बाबा नव्हते भरत. मी भरत होते. पाच वर्षं. तुले तवा सांगाले पाह्यजे होतं, सांगतलं नाई."

मला वाटलं तो मारेल. मी मार खायच्या तयारीनंच आले होते, खरं तर मार मिळाला असता तर बरं झालं असतं. तो मिरच्या एका बाजूला सारून खाटेवर बसला.

"आंधी मले खुनी म्हटलं," तो म्हणाला. "मंग बाबाले. आता सोताले म्हनून राह्यली. तुले कोनी ना कोनी लागतेच."

मी खाली पडलेली एक मिरची उचलून खाटेवर ठेवली. 

"आईले सांगतलं का?"

"नाई."

"मंग इथी काऊन आली? मले तं मालूमच होतं मी पेलो नव्हतो. जिले मालूम नाई तिले सांग. जा, तीनची बस भेटन."

पाणीसुद्धा विचारलं नाही. बरोबरच केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते लोखंडी डोकं आईपुढे ठेवलं. आत अजून ओंगणाचा वाळका थर होता. तो नखानं खरवडून तिच्या तळहातावर दिला आणि म्हटलं, "चोळून पाह्य." ती बघत राहिली. "चोळ नं, आई." तिनं दोन बोटांत धरून चोळलं. जन्मभर तांदळातले खडे वेचलेली बोटं ती. थांबली. पुन्हा चोळलं.

"खरखरते," ती म्हणाली.

"राख हाय. लाकडाले चालते, लोखंडाले नाई. हे मी भरलं होतं गाडीत. बाबाले मालूम नव्हतं. मी त्यायचं नाव घेतलं थे खोटं घेतलं. दादा पेला नव्हता. त्यानं काई केलं नव्हतं."

 गिरणीचा भोंगा झाला, कोंबड्या आत येऊन गेल्या, त्यांना आईनं हाकललं नाही. ती मला शिव्या देईल असं वाटत होतं. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "त्याले बलाव रविवारी. आन मले हे घरात नको सांगू. तवा गल्लीत उभी राहून बोलली होती तू. आताही गल्लीत उभी राहून सांग."

"आई, लोक..."

"लोकं तवाही होते."

रविवारी दादा आला. नेहमीच्या सवयीनं परसाकडे वळत होता, मी त्याला पुढच्या दारात थांबवलं. दहाचा सुमार, अंगणं झाडून झालेली, बाया पाणी भरत होत्या, समोरचे गुरुजी पेपर घेऊन ओट्यावर बसलेले. आई वसरीत येऊन उभी राहिली. मी गल्लीच्या मधोमध गेले. मला मारामारीची भीती वाटत नाही, साहेबांची वाटत नाही, वाघ आडवा आला त्या दिवशीही मी स्कूटर वळवली नव्हती. पण तिथे उभी राहून मला सगळ्या जगाचा भयंकर राग येत होता, त्या गुरुजींचा, त्यांच्या पेपरचा, नळावरच्या हंड्यांचा.

"ऐका," मी म्हटलं. दोन दारं उघडली. भांडण आहे असं वाटून तिसऱ्या घरातली माणसंही बाहेर आली. माझ्या घरापुढे गर्दी जमायला वेळ लागत नाही. "दादा पेला नव्हता. गाडीचं चाक खरंच सुटलं होतं. चाकात ओंगण मी भरलं होतं. बाबा माह्यामुळे गेले. याच्यामुळे नाई."

 गुरुजींनी पेपर खाली केला. नळावर एक हंडा भरून वाहायला लागला आणि कोणी नळ बंद केला नाही. मी दादाकडे बघितलं. तो वसरीच्या खांबाला टेकून उभा होता, हातात ती अवजारांची पिशवी, डोळे पार लाल.  त्यानं गल्लीच्या टोकाकडे मान वळवली, जिथे शेवटचं घर आहे, आणि म्हणाला,

"जोऱ्यानं सांग. तिथपावतर ऐकू नाई गेलं."

मी पुन्हा सांगितलं.